मोठ्या मुलांचं इंग्रजी व्याकरण: रोजच्या वीस मिनिटांत पक्कं कसं करून घ्यायचं

मराठी माध्यमाच्या आठवी-नववीतल्या मुलाला 'चेंज द व्हॉइस' करायला द्या, बहुतेक वेळा तो बरोबर करून दाखवतो. त्यालाच विचारा, काल शाळेत का गेला नाहीस, इंग्रजीत लिही. वहीत उमटतं: 'आय डिड नॉट वेन्ट टू स्कूल बिकॉज आय वॉज फीवर.' नियम पाठ आहेत, पण स्वतःचं वाक्य करताना त्यातला एकही मदतीला येत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे आठवीत येईस्तोवर काळांचा तक्ता मुलाच्या डोळ्यांखालून कितीतरी वेळा गेलेला असतो. त्यामुळे जाडजूड व्याकरणाचं पुस्तक आणून नामाच्या व्याख्येपासून पुन्हा सुरुवात करू नका. 'हे मला येतं' म्हणून तो दुसऱ्या दिवशी वही उघडणार नाही आणि त्याचं म्हणणं चूकही नाही. येत नाही ते वेगळंच आहे. मुलं वाक्य मराठीत जुळवतात आणि मग शब्दाला शब्द लावत इंग्रजीत आणतात. चुका या वाटेनं येतात, आणि वाट एकच असल्यानं चुकाही ठरलेल्या असतात. मराठी चांगलं जाणणाऱ्या पालकाला त्या आधीच ओळखता येतात. हा लेख अशा पालकांसाठी, ताई-दादांसाठी आणि घरी शिकवण्या घेणाऱ्यांसाठी आहे.

आधी काय चुकतं ते बघा

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. मुलाला पंधरा-वीस ओळी लिहायला सांगा: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं. शब्द अडला तर मराठीत लिहिला तरी चालेल. शब्दकोश नको, मोबाइल नको, मागून डोकावणंही नको. दुसऱ्या दिवशी अशाच ओळी घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल लिहायच्या: आई रोज काय करते, आजोबा काय करतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही मराठीत दहा प्रश्न द्यायचे आणि ते त्यानं इंग्रजीत करायचे. भूतकाळ, 'ही-शी'बरोबरचं क्रियापद आणि प्रश्न हे तीन हमखास घसरणारे भाग यातून समोर येतात.

ही पानं तपासायची ती तुमच्यापुरती. कुठली चूक किती वेळा आली याच्या रेघा मारा. एकदाच आलेली चूक सोडून द्या, ती बहुधा घाईतली असते. चार-पाच वेळा आलेली चूक ही सवय असते. अशा सवयींपैकी तीनच निवडा आणि पहिला महिना फक्त त्यांच्यावर घालवा. बाकीच्या दिसल्या तरी तोंड मिटून ठेवायचं. पालकांना सगळ्यात जड जातं ते हेच.

वही

एक दोनशेपानी वही घ्या, शाळेच्या वह्यांपासून वेगळी. डाव्या पानावर मुलानं लिहिलेलं चुकीचं वाक्य जसंच्या तसं, उजव्या पानावर त्याच ओळीत दुरुस्त वाक्य, आणि त्याखाली कारण मराठीत, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, एका ओळीत. 'डिड आला की क्रियापद साधं' एवढं कारण पुरतं. पारिभाषिक नावं आली नाहीत तरी हरकत नाही. समासात तारीख टाकायची, तिचा उपयोग पुढे आहे.

रोजची वीस मिनिटं

पाच मिनिटं तोंडी, दहा मिनिटं लेखी, पाच मिनिटं तपासणी. वेळ ठरलेली हवी, क्लासवरून आल्यावर किंवा जेवणाआधी. रविवारी दोन तास बसवून आठवड्याचं उरकायचं, हे इथे चालत नाही. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एकदा पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एकगठ्ठा पाठांतरापेक्षा जास्त टिकते, हे त्यानं दाखवलं. भाषेच्या सवयींनाही हे लागू पडतं.

तोंडी पाच मिनिटांत एक साधं मराठी वाक्य द्यायचं आणि त्याची चार रूपं इंग्रजीत मागायची. समजा वाक्य आहे, 'तो दूध पितो.'

'ही ड्रिंक्स मिल्क.'
'ही डज नॉट ड्रिंक मिल्क.'
'डज ही ड्रिंक मिल्क?'
'व्हॉट डज ही ड्रिंक?'

मग म्हणायचं, आता काल.

'ही ड्रँक मिल्क. ही डिड नॉट ड्रिंक मिल्क. डिड ही ड्रिंक मिल्क? व्हॉट डिड ही ड्रिंक?'

पाढे म्हणतात त्या वेगानं हे यायला हवं. अडखळत बरोबर आलं तर अजून पक्कं नाही असं समजा. मुलाला एकच गोष्ट दाखवायची: 'ड्रिंक्स'मधला 'एस' कुठे गेला? तो 'डज'मध्ये जाऊन बसला. 'ड्रँक'चा भूतकाळ कुठे गेला? तो 'डिड'नं उचलला. एका वाक्यात तो दोनदा दाखवायची गरज नाही.

'डिड नॉट वेन्ट' ही चूक इतकी चिवट का, हेही त्याला सांगा. मराठीत 'गेला' आणि 'गेला नाही', दोन्हीकडे क्रियापद 'गेला'च राहतं, फक्त 'नाही' पुढे येऊन बसतं. मूल मराठीला प्रामाणिक राहून 'वेन्ट' तसंच ठेवतं आणि त्याला 'डिड नॉट' जोडतं. प्रश्नाचंही तसंच. 'तो गेला का?' म्हणताना आपण फक्त शेवटी 'का' लावतो, शब्दांची जागा हलवत नाही. म्हणून 'व्हेअर यू आर गोइंग?' असं येतं. चूक कुठून आली हे कळलं की मोठं मूल ती स्वतः पकडू लागतं. लहान मुलांना हे समजावण्यात अर्थ नसतो, त्यांना नुसता सराव पुरतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र कारण लागतं, आणि तेच त्याचं बळ आहे.

लेखी दहा मिनिटांत सहा ते आठ वाक्यं. रिकाम्या जागा भरा नकोत. पूर्ण वाक्यं, तीही त्याच्या आयुष्यातली. 'राम इज अ गुड बॉय' लिहून कोणाचंही इंग्रजी सुधारलेलं नाही. काल मॅचमध्ये कोण आऊट झालं, मैत्रिणीशी भांडण कशावरून झालं, बस किती उशिरा आली, असं काहीतरी असू द्या.

विषय कोणत्या क्रमानं

पुस्तकातला क्रम सोडून द्या. माझा क्रम असा: आधी 'डू-डज-डिड' आणि प्रश्न, मग 'बी'ची रूपं, मग साधा भूतकाळ आणि 'हॅव'चा काळ यांतला फरक, मग आर्टिकल्स, मग क्रियापदाबरोबर येणारे शब्दयोगी शब्द, मग दुसऱ्याचं बोलणं सांगणं. पॅसिव्ह व्हॉइस सगळ्यात शेवटी. शाळेत त्याला फार महत्त्व मिळतं, पण या वयाच्या मुलाला स्वतःच्या लिखाणात तो क्वचित लागतो. 'बी'वर फार वेळ घालवू नका: 'आय वॉज फीवर' नाही, 'आय हॅड अ फीवर', आणि 'मला समजत नाहीये' याचं 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' नाही, 'आय डोन्ट अंडरस्टँड'. नो, वॉन्ट, लाइक, अंडरस्टँड यांना साधारणपणे 'आयएनजी' लावत नाहीत, एवढी ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की झालं.

थांबायचं ते पुढच्या तीन ठिकाणी.

पहिलं, 'हॅव'चा काळ. मूल लिहितं, 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स फाइव्ह इयर्स.' मराठीत 'मी पाच वर्षांपासून नाशिकला राहतो' हे अगदी शुद्ध वाक्य आहे, वर्तमानकाळातलं. इंग्रजीत मात्र गोष्ट मागे सुरू होऊन आजही चालू असेल, आणि ती कधीपासून किंवा किती वेळ चालू आहे हे सांगायचं असेल, तर साधा वर्तमानकाळ चालत नाही: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स.' शिवाय आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, '२०१९पासून' आणि 'पाच वर्षांपासून'. इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात. मुलाला विचारायला शिकवा: यावर कॅलेंडरमध्ये बोट ठेवता येतं का? सोमवार, जून, २०१९, सकाळचे आठ यांवर ठेवता येतं, म्हणून 'सिन्स'. ठेवता येत नाही पण मोजता येतं, दोन तास, तीन आठवडे, पाच वर्षं, तर 'फॉर'. रोज अशी पाच वाक्यं घरातल्याच गोष्टींवर करून घ्या: फ्रिज कधीपासून आहे, बाबा किती वर्षं या नोकरीत आहेत, ताई किती वेळ फोनवर बोलतेय.

याचाच दुसरा भाग 'आय हॅव सीन धिस मूव्ही यस्टरडे'. आपण 'मी हा सिनेमा काल पाहिलाय' सहज म्हणतो. इंग्रजीत संपून गेलेली वेळ नेमकी सांगितली की 'हॅव' जातं. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०२० असलं काही वाक्यात असेल तर 'आय सॉ धिस मूव्ही यस्टरडे'. वेळ सांगितलीच नाही तर 'आय हॅव सीन धिस मूव्ही'. सराव जोडीनं घ्या: तुम्ही मराठीत वाक्य म्हणायचं, मुलानं आधी 'कधी ते सांगितलंय' किंवा 'नाही सांगितलं' एवढंच म्हणायचं आणि मग वाक्य करायचं. आधी निर्णय, मग भाषांतर, ही सवय लागली की निम्मं काम झालं.

दुसरं ठिकाण आर्टिकल्स. मराठीत 'आई बाजारात गेली' म्हटलं की भागतं, म्हणून 'मदर वेन्ट टू मार्केट' लिहिताना काही राहून गेलंय हे मुलाला जाणवतच नाही. पुस्तकातली नियमांची लांबलचक यादी इथे कामाची नाही. दोन प्रश्न पुरतात. ही वस्तू ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे का? असेल तर 'द'. नसेल, आणि ती मोजता येणारी व एकच असेल तर 'अ' किंवा 'ॲन'. म्हणून गोष्टीत पहिल्यांदा 'अ डॉग', पुढच्या ओळीत 'द डॉग'. पाण्यासारखी न मोजता येणारी वस्तू किंवा अनेकवचन ऐकणाऱ्याला नवं असेल तर काहीच नाही. यातून सुटणारे अपवाद वाचनातून आपोआप येतात.

'अ' की 'ॲन' यासाठी देवनागरी फार उपयोगी पडते. शब्द मराठीत लिहून बघायला सांगा. स्वरानं सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनानं झाला तर 'अ'. 'अवर' म्हणजे तास, इंग्रजी स्पेलिंग 'एच'नं सुरू होतं, पण देवनागरीत समोर 'अ' दिसतो, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'चं स्पेलिंग 'यू'नं सुरू होतं, पण देवनागरीत 'य' दिसतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. तसंच 'ॲन एमएलए' आणि 'अ वन-रुपी कॉइन'. फक्त घरात 'एक'ला 'येक' म्हणायची सवय असेल तर 'एग'चं 'येग' होऊन गणित चुकतं, तेवढं सांभाळा.

सरावासाठी पाठ्यपुस्तकातला, झालेल्या धड्यातला एक परिच्छेद घ्या, त्यातली सगळी आर्टिकल्स गाळून वहीत उतरवून द्या आणि मुलाला भरायला सांगा. जागा दाखवणाऱ्या रेघा मारू नका. कुठे भरायचं हे ओळखणं हाच खरा व्यायाम आहे. मग पुस्तक उघडून त्यानंच ताडून पाहायचं. उत्तरपत्रिका आयती हातात असते, त्यामुळे पालकांना इंग्रजी यावंच लागत नाही.

तिसरं ठिकाण, दुसऱ्याचं बोलणं सांगणं. इथे चुकीनं अर्थच उलटतो. मराठीत आपण म्हणतो, 'मावशी म्हणाली की मी उद्या येते.' यातली 'मी' मावशी आहे, हे सगळ्यांना कळतं. मूल लिहितं, 'आंट सेड दॅट आय विल कम टुमॉरो.' इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल, उद्या हेच मूल कुठेतरी जाणार आहे. हवं होतं 'आंट सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.' मराठीतला 'की' बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे ठेवू देतो, इंग्रजीतला 'दॅट' ते सांगणाऱ्याच्या बाजूनं बदलायला लावतो. सराव घरातल्या निरोपांवर घ्या. आजोबांचा फोन आला, काय म्हणाले? सरांनी काय विचारलं? 'तू कुठे राहतोस असं त्यांनी विचारलं' याचं 'ही आस्क्ड मी व्हेअर डू यू लिव्ह' होऊ द्यायचं नाही, 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड' असंच हवं. बोलणाऱ्याचे 'मी' आणि 'तू' आता कोण झाले, हा प्रश्न आधी सोडवायचा, काळ नंतर बदलायचा. शाळेत आधी काळाच्या बदलाचा तक्ता देतात, त्यापेक्षा हा क्रम मुलांना सोपा जातो.

शब्दयोगी शब्दांची यादी मात्र पाठच करायची, पण क्रियापदासकट. 'च्याविषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' येतं, पण 'डिस्कस'ला काहीच लागत नाही. 'च्याशी लग्न' म्हणून 'मॅरी विथ' येतं, तिथेही 'विथ' नको. 'त्याला विचार' म्हणून 'आस्क टू हिम' येतं, तेही नको. उलट 'मला समजाव' याला 'एक्स्प्लेन टू मी' लागतं, आणि 'माझी वाट बघ' याला 'वेट फॉर मी'. आठवड्याला पाच जोड्या पुष्कळ झाल्या. याच यादीत 'जरी-तरी'मधून येणारं 'ऑलदो… बट' घाला. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच ठेवायचं.

आठवड्यातून एकदा उलट-सुलट भाषांतर

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा शिक्षक रॉजर ॲशम लॅटिन शिकवताना विद्यार्थ्याकडून उतारा इंग्रजीत करून घेई, मूळ उतारा काढून घेई आणि काही वेळानं तेच इंग्रजी पुन्हा लॅटिनमध्ये करायला लावी. मग मुळाशी तुलना. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५७० साली निघालं. पद्धत जुनी असली तरी मोठ्या मुलांसाठी याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

नववीतल्या मुलीला आठवीच्या पुस्तकातल्या सहा-सात ओळी द्या. शनिवारी तिनं त्यांचं चांगलं, सहज मराठी करायचं. पुस्तक बंद. सोमवारी किंवा मंगळवारी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी. मग दोन रंगांनी तुलना. मुळापेक्षा वेगळं पण बरोबर आहे ते निळ्यानं, चुकीचं आहे ते पेन्सिलीनं. हा फरक करायला शिकणं महत्त्वाचं आहे, कारण मुलं पुस्तकात नाही ते सगळं चूक मानतात. मुळात 'ही बिगॅन टू रन' आहे आणि तिनं 'ही स्टार्टेड रनिंग' लिहिलं, तर शाबासकी द्या. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह काढून शाळेतल्या बाईंना विचारायला सांगा.

तपासताना

चुकीचा शब्द खोडून बरोबर शब्द वर लिहू नका. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात एक टिंब द्या. दोन चुका, दोन टिंबं. कुठे आणि काय ते मुलानं शोधायचं. दोन मिनिटांत सापडलं नाही तर विषय सांगा, 'प्रश्नाचा क्रम बघ'. तरीही नाही तरच उत्तर. सापडलेली चूक तो विसरत नाही, सांगितलेली विसरतो.

मोबाइलवर टाइप करून सराव करत असाल तर आपोआप दुरुस्ती आधी बंद करा. ती सुरू असताना मुलाचं व्याकरण कसं आहे हे ना त्याला कळतं ना तुम्हाला. वाक्य तपासून देणारी ॲप्स शेवटच्या पाच मिनिटांत, त्याची स्वतःची दुरुस्ती झाल्यावर वापरायला हरकत नाही. पण ॲपनं बदललेलं वाक्य वहीत घ्यायचं तर कारणासकट. कारण सांगता आलं नाही तर घ्यायचं नाही.

तुम्हाला स्वतःला इंग्रजी फारसं येत नसेल तर भूमिका बदला. मुलानं शिकवायचं, तुम्ही शिकायचं. 'इथे डज का आलं? डू का नाही?' एवढे दोन प्रश्न मराठीत विचारता आले तरी पुरे. धाकटं भावंड असेल तर आठवड्यातून एक दिवस त्याला शिकवायचं काम द्या. समजावताना जिथे अडेल ते त्याच्या वहीत जाईल.

उजळणी आणि परीक्षा

समासातल्या तारखा आता कामाला येतात. नोंदलेलं चुकीचं वाक्य दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा समोर ठेवायचं. उजवं पान झाकून फक्त डावं दाखवायचं आणि दुरुस्ती तोंडी मागायची. शनिवारच्या तोंडी पाच मिनिटांत सगळे विषय मिसळा: एक प्रश्न, एक 'सिन्स-फॉर', एक निरोप, दोन आर्टिकल्स. एकाच प्रकारची दहा वाक्यं ओळीनं केली की सगळी बरोबर येतात आणि ती फसवी असतात. कुठला नियम लावायचा हे निवडायची वेळच त्यात येत नाही.

दहावीच्या मुलांचे पालक विचारतात, बोर्डाला याचा काय उपयोग? इंग्रजीचे ऐंशी गुण लेखी आणि वीस अंतर्गत. कृतिपत्रिकेत थेट व्याकरणाचा भाग थोडा आहे. पत्र, बातमी, भाषण, उताऱ्यावरची स्वतःच्या शब्दांतली उत्तरं यांत जास्त गुण आहेत, आणि तिथे प्रत्येक ओळ मुलाची स्वतःची असते. जानेवारीपासून तोंडी पाच मिनिटं आणि चुकांची वही एवढंच ठेवा, लेखी दहा मिनिटांत कृतिपत्रिकेतले लेखनाचे प्रश्न घ्या. नवीन विषय तेव्हा सुरू करू नका.

एखादी चूक सलग तीन उजळण्यांत आली नाही आणि मोकळ्या लिखाणातही दिसली नाही, की यादीतून काढा आणि तिच्या जागी पुढची घ्या. यादीत एका वेळी तीनच. मध्येच लग्नसराई, गणपती, सहामाही परीक्षा येते आणि आठ-दहा दिवस खंड पडतो. त्यानंतर बुडालेलं भरून काढायला तासभर बसवू नका. चुकांच्या वहीची शेवटची दोन पानं तोंडी घ्या आणि नेहमीच्या वीस मिनिटांवर या.